लक्ष्मणफळाची पानं, फळ आणि कॅन्सर: नेहमी येणारे प्रश्न

मी फार्मसीवाली आहे, एम.फार्मला वनस्पतींच्या अर्कांवरच काम केलंय, त्यामुळे नातेवाइकांत नाहीतर ओळखीत कुणाला कॅन्सर निघाला की दोन दिवसांत मला फोन येतो आणि दहातल्या सात फोनमधे लक्ष्मणफळाच्या पानांचा विषय असतोच. तेच प्रश्न परत परत येतात म्हणून एकदाच सगळं नीट लिहून काढतेय. मोठं झालंय, पण घाईत असाल तर निदान पार्किन्सनचा आणि केमोचा प्रश्न वाचा.

लक्ष्मणफळ म्हणजे नक्की कोणतं? हनुमानफळ, मामफळ, रामफळ सगळं एकच का?

एकच नाही, आणि अर्धा गोंधळ इथेच होतो. आपण बोलतोय ते अॅनोना म्युरिकाटा, इंग्रजीत सावरसॉप, ब्राझीलमधे ग्राव्हिओला, स्पॅनिश बोलणाऱ्या देशांत ग्वानाबाना, इंडोनेशियात सिरसाक. मूळचं उष्ण अमेरिकेतलं आणि कॅरिबियन बेटांवरचं झाड. फळ मोठं, कधी कधी दोन-तीन किलोचं, हिरवं, वरून मऊ वाकडे काटे, आत पांढरा धाग्याधाग्याचा आंबटगोड गर आणि काळ्या बिया. पान जाडसर, चकचकीत, चुरगाळलं की उग्र वास येतो. आपल्याकडे ह्याला कुणी लक्ष्मणफळ म्हणतं, कुणी मामफळ, कुणी हनुमानफळ, आणि बाजारात हनुमानफळ ह्याच नावाने दुसरीच चुलत भावंडंही विकतात. सीताफळ वेगळं, रामफळ वेगळं, पण घराणं सगळ्यांचं एक. त्यामुळे "अमक्याने हनुमानफळाची पानं घेतली आणि गुण आला" असं कुणी सांगितलं तर त्याने कुठल्या झाडाची पानं घेतली तेच आधी माहीत नसतं.

"केमोपेक्षा १०,००० पट ताकदवान" असा मेसेज आलाय, खरं आहे का?

हा आकडा कुणी हवेतून काढलेला नाही, म्हणूनच तो इतका धोकादायक आहे. १९९६ साली अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या लोकांनी एक पेपर छापला, त्यात त्यांनी ह्या फळाच्या बियांमधून काही नवीन रसायनं वेगळी काढली होती आणि त्यातलं एक आतड्याच्या कॅन्सरच्या एका सेल लाईनवर (लॅबमधे वाढवत ठेवलेल्या एकाच जातीच्या पेशी) अॅड्रियामायसिन ह्या केमोच्या औषधापेक्षा १०,००० पट कमी डोसमधे काम करत होतं. आता नीट बघा, बियांमधून, पानातून नाही, गरातून नाही. शुद्ध केलेलं एकच रसायन, काढा नाही. एकच सेल लाईन, तीही काचेच्या नाहीतर प्लॅस्टिकच्या भांड्यात वाढवलेली. आणि तुलना एकाच औषधाशी, जे आतड्याच्या कॅन्सरवर सहसा वापरतच नाहीत. एवढ्या सगळ्या अटी गळून पडल्या आणि फोनवर फिरताना उरलं काय तर "लक्ष्मणफळ केमोपेक्षा १०,००० पट". पेपर खोटा नाही, त्याच्या पायावर उभा केलेला निष्कर्ष खोटा आहे.

पानांमधे आणि फळात नक्की असतं काय?

दोन वेगळ्या टोळ्या आहेत असं समजा. पहिली टोळी पॉलिफेनॉल्सची: क्वेरसेटिन, रुटिन, केम्फेरॉल, क्लोरोजेनिक अॅसिड, गॅलिक अॅसिड वगैरे. अँटिऑक्सिडंट गुण, म्हणजे पेशींना इजा करणाऱ्या चंचल रेणूंना शांत करायचा गुण, येतो तो मुख्यतः ह्यांच्यामुळे, आणि पानात ही साधारणपणे गरापेक्षा जास्त असतात. दुसरी टोळी अॅसिटोजेनिन्सची, लांबलचक मेणचट साखळीसारखे रेणू, बहुतेकांमधे ३५ किंवा ३७ कार्बन, एका टोकाला लॅक्टोन रिंग. हा प्रकार पहिल्यांदा सापडला १९८२ मधे, ह्याच घराण्यातल्या युव्हेरिया नावाच्या वेलीवर्गातल्या झाडात, आणि मग सीताफळाच्या अख्ख्या खानदानात सापडतच गेला. लक्ष्मणफळातला मुख्य म्हणजे अॅनोनासिन. पेशी मारायचं काम प्रामुख्याने ही दुसरी टोळी करते.

गरात बाकी आपलं नेहमीचं: १०० ग्रॅममधे साधारण ६६ कॅलरी, २० मिलिग्रॅमच्या आसपास व्हिटॅमिन सी, ३ ग्रॅमच्या वर फायबर आणि १३ ग्रॅमच्या वर साखर. व्हिटॅमिन सीसाठी पेरू नाहीतर आवळा ह्याच्या कितीतरी पुढे आहे.

लॅबमधे "अँटिऑक्सिडंट आहे" हे ठरवतात कसं?

सगळ्यात जास्त वापरली जाणारी टेस्ट डीपीपीएच. जांभळ्या रंगाचं एक द्रावण असतं, त्यातला रेणू एक इलेक्ट्रॉन कमी असल्यामुळे कावलेला असतो, त्यात पानाचा अर्क टाकला आणि अर्काने त्याला हवं ते दिलं की रंग जांभळ्याचा पिवळा होत जातो. तो रंग किती उतरला ते ५१७ नॅनोमीटरला मशीनवर मोजायचं. निम्मा रंग उतरवायला जेवढा अर्क लागला तो आकडा म्हणजे आयसी फिफ्टी, जितका कमी तितका अर्क जोरदार. मी स्वतः पहिल्यांदा ही टेस्ट लावली तेव्हा ट्यूबमधला रंग डोळ्यांदेखत जाताना बघून हरखून गेले होते, आजही मला ती आवडते. पण त्या ट्यूबमधे ना पोट आहे ना आतडं ना लिव्हर. चहाची पत्ती टाका, डाळिंबाची साल टाका, आवळा टाका, लवंग टाका, सगळ्यांनीच रंग उतरतो आणि बऱ्याचदा लक्ष्मणफळापेक्षा लवकर उतरतो. क्वेरसेटिनसारखी द्रव्यं पोटात गेल्यावर आतड्याच्या भिंतीत आणि लिव्हरमधे लगेच बदलून टाकली जातात, रक्तात मूळ रूपात पोचतं ते अगदी थोडं. त्यामुळे ट्यूबमधला आकडा हा "ह्या झाडात ही द्रव्यं आहेत" एवढंच सांगतो.

पण अँटिऑक्सिडंट जास्त असेल तर कॅन्सरला चांगलंच ना?

मलाही कॉलेजात असंच वाटायचं. मग फिनलंडची ट्रायल वाचली. २९,१३३ धूम्रपान करणारे पुरुष, त्यातल्या काहींना बीटा कॅरोटिनच्या (हेही एक अँटिऑक्सिडंटच) गोळ्या, अपेक्षा अशी की फुप्फुसाचा कॅन्सर कमी होईल. १९९४ मधे निकाल आला तेव्हा बीटा कॅरोटिन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्के जास्त निघाला. जास्त! नंतर अमेरिकेतल्या दुसऱ्या मोठ्या ट्रायलमधेही तीच दिशा दिसली आणि ती वेळेआधी थांबवावी लागली. कारण असं की ऑक्सिडेशनचा ताण, म्हणजे त्या चंचल रेणूंचा मारा, हा आपल्या निरोगी पेशींना जसा त्रास देतो तसाच कॅन्सरच्या पेशींनाही देतो, आणि तुम्ही बाहेरून ढीगभर अँटिऑक्सिडंट ओतलं की ते संरक्षण कुणाला मिळेल हे तुमच्या हातात राहत नाही. भाजी, फळं, डाळी खाऊन मिळणारं वेगळं, त्यात धोका नाही, मी एकवटलेल्या अर्काबद्दल आणि गोळ्यांबद्दल बोलतेय.

मग हे पेशी मारतं ते कसं?

आपल्या प्रत्येक पेशीत मायटोकॉन्ड्रिया असतात, पेशीची चूलच म्हणा. अन्नातून आलेले इलेक्ट्रॉन तिथे एका साखळीतून पुढे पुढे जातात आणि त्यातून एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, तयार होतं. ह्या साखळीचं पहिलं दार म्हणजे कॉम्प्लेक्स वन. अॅसिटोजेनिन नेमकं त्याच दारात जाऊन बसतं आणि दार बंद. इंधन तयार होत नाही, पेशी उपाशी मरते. कॅन्सरच्या पेशी भराभर वाढत असतात, त्यांची भूक मोठी, म्हणून त्या डिशमधे पटापट मरतात. काही कॅन्सरच्या पेशी औषध आत आलं की पंप करून बाहेर फेकतात, त्या पंपालाही एटीपी लागतं, म्हणून औषधाला न जुमानणाऱ्या पेशींवरही ही रसायनं चालताना दिसली, १९९७ च्या आसपास पर्ड्यूच्याच लोकांनी ते दाखवलं. रसायनशास्त्र म्हणून हे खरंच सुंदर आहे, ह्यात काही शंका नाही.

पण आता आपल्या शेतात या. दशपर्णी अर्क माहितीय ना? कडुनिंब, करंज, धोतरा, निर्गुंडी ह्यांच्याबरोबर त्यात सीताफळाचा पाला असतोच असतो. तो किडीवर चालतो त्यामागचं एक मोठं कारण हेच, सीताफळातली अॅसिटोजेनिन्स किडीच्या पेशीतलं हेच पहिलं दार बंद करतात. जी गोष्ट फवारणीसाठी ड्रममधे भिजवून ठेवतो तिचीच सख्खी बहीण आपण सकाळी उपाशीपोटी कपात घेतोय, एवढं फक्त डोक्यात ठेवा.

डिशमधे पेशी मेल्या तर शरीरात का नाही मरणार?

डिशमधली टेस्ट कशी असते ते सांगते. ९६ छोट्या खळग्यांची प्लेट, प्रत्येक खळग्यात काही हजार पेशी, त्यावर अर्काचे वेगवेगळे डोस, मग २४ नाहीतर ४८ तास थांबायचं. मग एमटीटी नावाचं पिवळं रसायन टाकायचं, जिवंत पेशी त्याचं जांभळं करतात, मेलेल्या करत नाहीत. (डीपीपीएचमधे जांभळ्याचं पिवळं आणि इथे पिवळ्याचं जांभळं, विद्यार्थी परीक्षेत हमखास इथे उलटंपालटं करतात.) आपल्याकडे बऱ्याच लॅब ह्या पेशी पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातून आणतात.

आता त्या खळग्यात पेशीला अर्काने अक्षरशः आंघोळ घातलेली असते, ४८ तास, पळायला जागा नाही, मधे लिव्हर नाही, किडनी नाही. त्या खळग्यात मिठाचं दाट पाणी टाका, साबण टाका, स्पिरिट टाका, पेशी मरणारच. म्हणून "अर्काने कॅन्सरच्या पेशी मारल्या" हे वाक्य एकटं आलं तर त्याला अर्थ फार कमी. ढोबळ, म्हणजे शुद्ध न केलेल्या, अर्कासाठी साधारण २० ते ३० मायक्रोग्रॅम पर मिलीच्या आत आयसी फिफ्टी (इथे निम्म्या पेशी मारणारा डोस) आला तर पुढे बघण्यासारखं आहे असं धरतात, आणि पुष्कळ पेपर २००, ३०० अशा आकड्यांवरही "लक्षणीय परिणाम" लिहून मोकळे होतात. हे मला मनापासून खटकतं, कारण तीच ओळ उचलून कुणीतरी कॅप्सूलच्या बाटलीवर चिकटवतं आणि ती बाटली कुणाच्या तरी आजारी आईपर्यंत पोचते.

शिवाय पान कुठलं, कोवळं का जून, सावलीत वाळवलं का उन्हात, अर्क पाण्यात काढला का अल्कोहोलमधे, ह्या प्रत्येक गोष्टीने आकडा बदलतो.

"फक्त कॅन्सरच्या पेशी मारतं, चांगल्या पेशींना हात लावत नाही" असं लिहिलंय?

हे तपासायची पद्धत आहे, निरोगी पेशींवरही तोच अर्क टाकायचा आणि दोन्हींच्या आयसी फिफ्टीचा भागाकार करायचा, ३ च्या वर आला तर बरं म्हणतात. काही प्रयोगांत लक्ष्मणफळाचा आकडा चांगला आलाय. पण निरोगी पेशी म्हणून तिथे कोण असतं तर बहुतेक वेळा त्वचेच्या नाहीतर किडनीच्या वगैरे पेशी. मेंदूच्या पेशी ठेवल्या की चित्र बदलतं, आणि त्याचंच पुढे सांगते.

पार्किन्सनचं ऐकलं ते काय आहे? घाबरवायला सांगतात का?

नाही, आणि हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

ग्वादलूप नावाचं कॅरिबियनमधलं फ्रेंच बेट आहे. तिथे लक्ष्मणफळ घरोघरी, फळ खातात, रस पितात आणि पानांचा काढा झोप यावी म्हणून, ताप आला म्हणून, मुलांना शांत करायला म्हणून पिढ्यान्पिढ्या घेतात. नव्वदच्या दशकात तिथल्या न्यूरॉलॉजिस्टच्या लक्षात आलं की पार्किन्सनसारखे (हात थरथरणं, हालचाल मंदावणं) पेशंट येतात खरे, पण ते नेहमीचे पार्किन्सनवाले नाहीत. चालताना लवकर पडायला लागतात, नजर वर-खाली फिरवता येत नाही, बुद्धीवर परिणाम होतो, आणि पार्किन्सनच्या नेहमीच्या गोळीला, लेव्होडोपाला, दाद देत नाहीत. १९९९ मधे लॅन्सेट ह्या वैद्यकीय मासिकात ते छापून आलं. ८७ पेशंटपैकी नेहमीचा पार्किन्सन फक्त २२ जणांना. युरोपात हे प्रमाण बरोबर उलटं असतं, तिथे नेहमीचेच जास्त. आणि ह्या वेगळ्या पेशंटांत ही फळं आणि हा काढा घेणारे जास्त निघाले.

मग लोक कामाला लागले. फ्रेंच संशोधकांनी उंदरांना शुद्ध अॅनोनासिन शिरेतून सलग २८ दिवस दिलं, मेंदूतलं एटीपी घटलं आणि हालचालींवर ताबा ठेवणाऱ्या खोलच्या भागातल्या पेशी मेल्या. म्हणजे ते मेंदूपर्यंत पोचतं हे नक्की झालं. २००५ मधे फळांत मोजमाप केलं: एका सरासरी फळात अॅनोनासिन साधारण १५ मिलिग्रॅम, बाजारी रसाच्या एका कॅनमधे ३६ मिलिग्रॅम, पानांच्या एका कप काढ्यात १४० मायक्रोग्रॅम. त्यांचा हिशोब असा निघाला की रोज एक फळ किंवा एक कॅन असं वर्षभर घेतलं तर उंदरांच्या मेंदूला इजा करणाऱ्या डोसच्या बरोबरीचं अॅनोनासिन माणसाच्या पोटात जातं. पोटात, रक्तात नाही, हा फरक मोठा आहे आणि तो मी लपवणार नाही. फ्रान्सच्या अन्नसुरक्षा संस्थेनेही २०१० मधे सगळं तपासून सांगितलं की हे फळच त्या आजाराचं कारण आहे असं ठामपणे म्हणता येत नाही.

म्हणजे पुरावा पूर्ण नाही. पण कारणाची साखळी बघा. कॅन्सरची पेशी भुकेली म्हणून पहिलं दार बंद केलं की मरते. मग शरीरात तितकीच भुकेली, चोवीस तास इंधन जाळणारी दुसरी पेशी कुठली? मेंदूतली. आणि मेंदूतली मेली की तिच्या जागी नवी येत नाही. रोटेनॉन नावाचं एक वनस्पतीतलंच कीटकनाशक आहे, तेही हेच दार बंद करतं, आणि उंदरांमधे मुद्दाम पार्किन्सन तयार करायचा असला की संशोधक तेच वापरतात. ज्या गुणासाठी लोक हे पान घेतात तो गुण आणि हा धोका एकच आहे. एक हवा आणि दुसरा नको असं ह्या पानातून निवडून घेता येत नाही.

काढा तर पाण्यात उकळलेला, त्यात कमीच उतरत असेल ना?

बरोबर ओळखलंत. अॅसिटोजेनिन्स मेणचट, पाण्यात नीट विरघळत नाहीत, म्हणून कपात १४० मायक्रोग्रॅम आणि फळात १५ मिलिग्रॅम, शंभर पटीहून जास्त फरक. पण मग ह्याचा दुसरा अर्थही घ्या ना, की ज्या रसायनाच्या नावावर काढा विकला जातो ते त्यात फारसं उतरतच नाही. आणि लोक एक कप घेत नाहीत, दिवसातून तीनदा, महिनोन्महिने घेतात. पानांची पावडर गिळली तर तिथे पाण्याचा प्रश्नच उरत नाही, अख्खं पानच पोटात. अल्कोहोलमधे काढलेला टिंक्चरसारखा अर्क त्याहून तेज. "काढा फारसा उपयोगी पडला नाही म्हणून पावडर सुरू केली" असं मी तीन-चार जणांकडून ऐकलंय आणि प्रत्येक वेळी पोटात गोळा आला.

माणसांवर काहीच ट्रायल झाली नाही का?

छोटी झालीय. इंडोनेशियात आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेल्या तीसेक पेशंटांवर, काहींना पानांच्या अर्काची कॅप्सूल आणि काहींना नुसती दिसायला तशी, ८ आठवडे. अर्क घेणाऱ्यांचं रक्तद्रव डिशमधल्या कॅन्सर पेशींवर टाकलं तर त्या जास्त मेल्या. म्हणजे काहीतरी रक्तात पोचतंय. पण पेशंट जास्त जगले, कॅन्सर परत यायचा थांबला, असं ८ आठवड्यांत आणि तीस माणसांत दिसूच शकत नाही. ही सुरुवातीची पायरी आहे, औषधाचा पुरावा नाही.

कंपन्या मुद्दाम दाबून ठेवतात, झाडाचं पेटंट मिळत नाही म्हणून, असं म्हणतात.

हे मला जरा दुखतंच, कारण माझं शिक्षणच झाडांपासून औषध शोधण्याचं आहे. आपल्या अंगणातली सदाफुली घ्या. तिच्या पानांतून व्हिनक्रिस्टिन आणि व्हिनब्लास्टिन निघालं, लहान मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरमधे व्हिनक्रिस्टिन आजही रोज वापरतात. शेकडो किलो पाला वापरला तेव्हा कुठे ग्रॅमभर मिळतं. पॅक्लिटॅक्सेल हे कॅन्सरचं औषध एका अमेरिकन यू झाडाच्या सालीतून आलं, साल गोळा केली १९६२ मधे आणि औषधाला परवानगी मिळाली १९९२ मधे, तीस वर्षं लागली पण कुणी दाबून ठेवलं नाही, उलट अफाट खपलं. आणि आपल्या सह्याद्रीतला नरक्या! त्याच्यात कॅम्प्टोथेसिन आहे, ज्याच्यापासून टोपोटेकान आणि इरिनोटेकान ही कॅन्सरची औषधं आली, आणि त्याची इतकी चोरटी तोड झाली की जंगलातून ते झाड दिसेनासं व्हायची वेळ आली.

म्हणजे झाडात खरंच काही सापडलं तर सगळं जग त्याच्या मागे लागतं. अॅसिटोजेनिन्सवर तर चाळीस वर्षं काम चालू आहे, पेपर उघड्यावर आहेत, वाटेल तेवढे बदल करून रेणूचं पेटंटही घेता येतं. अडलंय ते दुसरीकडेच: पाण्यात विरघळत नाही, आणि उपयोगी डोस व विषारी डोस ह्यांच्यातलं अंतर कमी, त्यात मेंदूचा प्रश्न.

सदाफुलीचंही असंच बरं का, व्हिनक्रिस्टिन मिळतं म्हणून सदाफुलीची पानं चावून खाऊ नका. शुद्ध करून, मोजून, शिरेतून देतात म्हणून ते औषध आहे.

केमो चालू आहे, बरोबर काढा घेतला तर?

नको. माझं स्पष्ट मत आहे. एक तर अर्कातले अँटिऑक्सिडंट काही औषधांच्या आणि रेडिएशनच्या कामात आडवे येऊ शकतात, कारण त्यांचं कामच ऑक्सिडेशनचा ताण देऊन चालतं. दुसरं, केमोत लिव्हर आणि किडनी आधीच दमलेल्या असतात. तिसरं, केमोच्या काही औषधांनी हातापायांच्या नसांना मुंग्या येतात, बधिरपणा येतो, त्यात अजून नसांवर जाणारं काही नको. आणि समजा रिपोर्ट बिघडला तर डॉक्टरला कळायला हवं ना की हे औषधामुळे झालं का आजारामुळे का तुमच्या काढ्यामुळे.

बीपीची, शुगरची गोळी चालू आहे.

प्राण्यांवरच्या प्रयोगांत पानांच्या अर्काने बीपी आणि शुगर दोन्ही खाली आलंय. गोळी आणि अर्क दोघांनी मिळून जास्त खाली आणलं तर चक्कर, घाम, पडणं. वयस्कर माणूस पडला की खुबा मोडतो. गरोदर बाई, पार्किन्सनचा पेशंट किंवा ज्याला हात थरथरण्याचा, चाल मंदावण्याचा त्रास सुरू झालाय, ह्यांनी तर पानं, पावडर, कॅप्सूल काहीच नको.

मग फळ खायचंच नाही का? आणि सीताफळाचं काय?

खा की! मोसमात, मिळालं तेव्हा, चवीने खा. मिल्कशेक करा, आइसक्रीम करा, फार छान लागतं. वर जो हिशोब सांगितला तो रोज एक फळ आणि तेही वर्षभर असा होता, औषध म्हणून रोजचा रतीब लावू नका एवढंच. सीताफळातही ह्याच घराण्याची रसायनं आहेत, ग्वादलूपच्या अभ्यासात सीताफळही होतं, पण आपल्याकडे पावसाळा सरता सरता येतं आणि दिवाळीनंतर संपत येतं, वर्षभर कुणी खात नाही. बीडचं, सासवडचं सीताफळ मी स्वतः दरवर्षी खाते.

बिया?

अजिबात नाही. मिक्सरला फळ लावण्याआधी सगळ्या बिया मोजून काढा, सगळ्यात जास्त अॅसिटोजेनिन तिथेच. सीताफळाच्या बियांची पूड उवांसाठी केसांना लावायची जुनी पद्धत आहे, ती पूड डोळ्यात जाऊन बुबुळाला जखमा झाल्याच्या केसेस भारतात डोळ्यांच्या डॉक्टरांनी नोंदवल्यात. उवांसाठी मेडिकलमधे चांगली लोशन मिळतात, ती वापरा.

ऑनलाइन कॅप्सूल मिळतात, "१०० टक्के नॅचरल, कॅन्सरवर गुणकारी".

कॅन्सर बरा करतो अशी जाहिरात करणं हाच भारतात १९५४ च्या औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने गुन्हा आहे, यादीत कॅन्सरचं नाव स्पष्ट आहे. जो विक्रेता लेबलवरच कायदा मोडतो तो आत काय आणि किती भरत असेल? अॅनोनासिन किती आहे हे लेबलवर लिहिलेलं एकही पाकीट मी अजून बघितलेलं नाही.

बाबा ऐकतच नाहीत, लपून घेतात. काय करू?

भांडू नका. माझ्या सख्ख्या मामाने हेच केलं होतं. केमोची दोन सायकल झाली आणि कुणीतरी पानं आणून दिली, मामी पहाटे उठून उकळून द्यायची, आम्हाला कुणालाच पत्ता नाही. लिव्हरचा रिपोर्ट बिघडला, पुढची सायकल तीन आठवडे लांबली, डॉक्टर डोस कमी करायचा विचार करत होते. पानांमुळेच झालं असं मी छातीठोक सांगणार नाही, पण ते तीन आठवडे सगळे अंधारात चाचपडत होते कारण एक गोष्ट कुणी बोललं नव्हतं. मी विचारलं तर मामा म्हणाला, "डॉक्टर रागावतील म्हणून नाही सांगितलं गं. आणि तुम्ही सगळे माझ्यासाठी काहीतरी करताय, मला स्वतःला पण काहीतरी करायचं होतं."

त्या वाक्याने माझा राग गेला. पानामागे बहुतेक वेळा हेच असतं. म्हणून बाबांना काहीतरी करायला द्या: रोज किती पावलं चाललो ते लिहायचं, प्रोटीन किती गेलं ते मोजायचं, वजनाची वही ठेवायची, ह्या गोष्टींनी केमो सोसायला खरंच मदत होते. आणि जे काही घेत असतील ते पान, पावडर, बाटली जशीच्या तशी पिशवीत घालून पुढच्या भेटीला डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा, केव्हापासून आणि किती ते कागदावर लिहून. चांगला डॉक्टर रागावत नाही. रागावलाच तर रागावू दे, पण त्याला माहीत असू दे.

दारात झाड लावलंय, तोडू का?

अहो नाही! सुंदर झाड आहे, सावली देतं, फळ देतं. फक्त कुणी पानं मागायला आलं तर त्यांना हे वाचायला द्या, आणि मोसम असेल तर एक पिकलेलं फळ द्या.